घटक ४ : इटालियन म्हणी, रोजच्या उक्ती आणि त्यांचे इंग्रजी अर्थ

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस –
• म्हण, वाक्प्रचार आणि संभाषणोक्ती यांतील भेद इटालियन उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• ‘इंग्रजी अर्थ’ या नावाखाली दिल्या जाणाऱ्या मजकुराचे तीन प्रकार ओळखता येतील.
• मध्यस्थ भाषेतून भाषांतर करताना मूळातील काय गळते आणि नवे काय शिरते, हे सांगता येईल.
• इटालियन म्हणीला मराठी पर्याय निवडण्याची पद्धत अवलंबता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण मराठी म्हणी व वाक्प्रचार यांची रचना अभ्यासली. या घटकात आपण इटालियन भाषेतील काही म्हणी आणि रोजच्या बोलण्यातील उक्ती पाहणार आहोत. इटालियन भाषा शिकवणे हा या घटकाचा हेतू नाही. युरोपीय भाषांतील बरेचसे साहित्य मराठीत इंग्रजीच्या वाटेने येते. या वाटेवर म्हणींचे काय होते, हे समजून घेणे हा आपला हेतू आहे.

एका उदाहरणाने सुरुवात करू. ‘पाएझे के वाई, उझान्त्सा के त्रोवी’ ही इटालियनमधील प्रचलित म्हण आहे. म्हणींच्या द्विभाषिक याद्यांमध्ये तिच्यासमोर बहुधा ‘व्हेन इन रोम, डू अ‍ॅज द रोमन्स डू’ असा इंग्रजी अर्थ दिलेला असतो. भाषांतरकार केवळ इंग्रजी स्तंभ वाचून काम करील, तर तो ‘रोममध्ये असताना रोमनांसारखे वागावे’ असे मराठी वाक्य लिहील आणि म्हण इटलीतील असल्यामुळे तिच्यात रोम आहे याचे त्याला नवलही वाटणार नाही. वस्तुतः मूळ म्हणीत रोमचा उल्लेख नाही. तिचा शब्दशः अर्थ ‘ज्या देशी जाशील, तेथली रीत तुला भेटेल’ असा आहे. रोम आला तो इंग्रजीतून. मिलानचे बिशप संत अँब्रोज यांनी शनिवारच्या उपवासाबाबत दिलेला सल्ला संत ऑगस्टीन यांनी आपल्या पत्रांतून नोंदवला आहे. रोममध्ये असताना मी शनिवारी उपवास करतो, येथे असताना करीत नाही, असा त्या सल्ल्याचा आशय. या लॅटिन परंपरेतील रोम इंग्रजी म्हणीत टिकून राहिला. इटालियन भाषकाच्या तोंडी मात्र रोमविना असलेली म्हण रुळली.

आता आपली म्हण आठवा : ‘देश तसा वेश’. दोन समतोल खंड, क्रियापदाची गरज नाही, कोणत्याही नगराचे नाव नाही. इटालियन म्हणीच्या बांधणीला इंग्रजी म्हणीपेक्षा मराठी म्हण अधिक जवळची आहे. इंग्रजीच्या वाटेने गेलेल्या भाषांतरकाराला ही जवळीक कधी दिसणार नाही. या घटकातील विवेचनाचा गाभा हाच आहे : इंग्रजी स्तंभात दिलेला मजकूर हा म्हणीचा ‘अर्थ’ नव्हे, तो इंग्रजी भाषेने त्या म्हणीला दिलेला प्रतिसाद आहे.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ पार्श्वभूमी

इटालियन म्हणी इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्याची परंपरा जुनी आहे. इटालियन वडिलांच्या पोटी लंडनमध्ये जन्मलेल्या जॉन फ्लोरियो याने १५९१ मध्ये ‘सेकंड फ्रूट्स’ हे इटालियन-इंग्रजी संवादांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील संवादांत म्हणी गुंफलेल्या आहेत. त्याच वर्षी ‘जार्दीनो दी रिक्रेआत्स्योने’ हा सुमारे ६००० इटालियन म्हणींचा त्याचा संग्रहही आला. परकी भाषा चांगली बोलायची तर तिच्या म्हणी मुखोद्गत असाव्यात, ही त्या काळची धारणा होती.

‘इटालियन म्हण’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा लागतो. १८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले, तेव्हा प्रमाण इटालियन बोलू शकणारे लोक लोकसंख्येच्या सुमारे २.५ टक्केच असावेत, असा भाषावैज्ञानिक तुल्लियो दे माउरो यांचा अंदाज आहे. बाकीचे लोक आपापल्या प्रदेशाच्या बोली बोलत. त्यामुळे आज प्रमाण भाषेत आढळणाऱ्या अनेक म्हणींना बोलींतही रूपे आहेत. जोव्हान्नी व्हेर्गा यांच्या ‘इ मालावोल्या’ (१८८१) या कादंबरीत सिसिलीतील मासेमार कुटुंबाचा वृद्ध प्रमुख पाद्रोन न्तोनी वरचेवर म्हणींत बोलतो. तो ज्या समाजातला आहे त्याची बोली सिसिलियन, पण कादंबरीतील म्हणी वाचल्या जातात त्या इटालियनमध्ये. म्हणजे इंग्रजीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्या म्हणींनी एक भाषांतर पाहिलेले आहे.

देवनागरी लेखनाविषयी एक सूचना. इटालियनमधील त आणि द हे वर्ण मराठीप्रमाणे दंत्य आहेत, इंग्रजीप्रमाणे ट-ड कडे झुकणारे नाहीत. व्यंजनांचे द्वित्वही तेथे स्पष्ट उच्चारले जाते. ‘बोक्का’ (तोंड) या शब्दातील ‘क्क’ मराठी ‘पक्का’तील ‘क्क’सारखा म्हणावा. स्वरान्त शब्दांच्या बाहुल्यामुळे या भाषेत यमक सहज जुळते. म्हणींच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे.

४.२.२ म्हण, वाक्प्रचार आणि संभाषणोक्ती

या तिन्ही संज्ञा व्यवहारात एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. अभ्यासकाने त्या वेगळ्या ठेवाव्यात.

म्हण हे स्वयंपूर्ण विधान असते आणि त्यात अनुभवाचे सार सांगितलेले असते. उदा. ‘की दोर्मे नोन पील्या पेश्शी’ – जो झोपतो त्याला मासे मिळत नाहीत.

वाक्प्रचार वाक्याचा घटक असतो. तो काळ, पुरुष, वचन यांनुसार बदलतो. उदा. ‘प्रेन्देरे दूए पिच्चोनी कोन ऊना फावा’ – एका घेवड्याच्या दाण्याने दोन कबुतरे पकडणे.

संभाषणोक्ती ठरावीक प्रसंगी, ठरावीक व्यक्तीला उद्देशून उच्चारली जाते. तिच्यातील शब्दार्थापेक्षा ती उच्चारण्याची कृती महत्त्वाची असते. उदा. ‘इन बोक्का आल लूपो’ – शब्दशः ‘लांडग्याच्या तोंडात’. परीक्षेला किंवा रंगमंचावर जाणाऱ्याला शुभेच्छा म्हणून ही उक्ती उच्चारतात.

४.२.३ ‘इंग्रजी अर्था’चे तीन प्रकार

द्विभाषिक यादीतील इंग्रजी स्तंभ एकजिनसी दिसतो, पण त्यात तीन भिन्न गोष्टी मिसळलेल्या असतात.

(अ) शब्दशः भाषांतर : मूळातील प्रतिमा कायम राहते, पण प्रयोजन कळेलच असे नाही. ‘लांडग्याच्या तोंडात’ एवढेच वाचून ही शुभेच्छा आहे, हे कोणाला उमगेल?

(आ) स्पष्टीकरण : प्रयोजन कळते, प्रतिमा नाहीशी होते. ‘त्रा इल दीरे ए इल फारे चे दी मेद्झो इल मारे’ म्हणजे ‘बोलणे आणि करणे यांच्या मध्ये समुद्र असतो’. इंग्रजीत याला ‘ईझिअर सेड दॅन डन’ असे म्हटले जाते. आशय पोहोचला, समुद्र आटला.

(इ) पर्यायी म्हण : इंग्रजी आपली म्हण पुढे करते. प्रयोजन बहुतांशी जुळते, पण प्रतिमा इंग्रजी असते. ‘की दोर्मे...’ या म्हणीसमोर ‘द अर्ली बर्ड कॅचेस द वर्म’ असे दिले जाते. येथे मासेमाराच्या जागी पक्षी आला, माशाच्या जागी अळी आली. याहून सूक्ष्म बदल असा की, इटालियन म्हण झोपणाऱ्याला टोकते, तर इंग्रजी म्हण आधी उठणाऱ्याची पाठ थोपटते.

युजीन नायडा यांनी १९६४ मध्ये मांडलेल्या ‘औपचारिक सममूल्यता’ आणि ‘गतिशील सममूल्यता’ या संकल्पना येथे उपयोगी पडतात. पहिला प्रकार औपचारिक सममूल्यतेकडे, तर तिसरा गतिशील सममूल्यतेकडे झुकतो. यांपैकी कोणताही प्रकार स्वतःहून चुकीचा नाही. मात्र आपल्यासमोर कोणता प्रकार आहे हे न ओळखता त्यावरून मराठी करणे घातक आहे. ‘इन बोक्का आल लूपो’ची पर्यायी इंग्रजी उक्ती ‘ब्रेक अ लेग’ ही आहे. समजा, एखाद्या इटालियन कादंबरीच्या इंग्रजी भाषांतरात आई परीक्षेला निघालेल्या मुलीला ‘ब्रेक अ लेग’ म्हणते आणि मराठी भाषांतरकार ‘पाय मोडो तुझा’ असे लिहितो. तेव्हा आशीर्वादाचा शाप होतो आणि त्या आईची व्यक्तिरेखाच बिघडते. अशी चूक वाचकाच्या लक्षातही येत नाही, कारण त्याच्यासमोर मूळ संहिता नसते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
१. ‘देश तसा वेश’ ही म्हण इटालियन म्हणीला इंग्रजी म्हणीपेक्षा जवळची का आहे?
२. स्पष्टीकरणरूप इंग्रजी अर्थात म्हणीचा कोणता घटक नाहीसा होतो?

४.२.४ प्रतिमांचा प्रवास

म्हणीतील प्रतिमा त्या समाजाच्या भोवतालातून येते. इटालियनमध्ये लांडगा वारंवार भेटतो. ॲपेनाइन पर्वतरांगांत लांडग्यांचा वावर आहे आणि मेंढपाळांचा त्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. ‘इल लूपो पेर्दे इल पेलो मा नोन इल वित्स्यो’ म्हणजे लांडग्याचे केस झडतात, खोड जात नाही. इंग्रजीत येथे बिबट्या येतो. त्याला अंगावरचे ठिपके बदलता येत नाहीत. हा बिबट्या बायबलमधील यिर्मयाच्या ग्रंथातून आलेला आहे. मराठीत ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ आणि ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे’ अशा दोन म्हणी आहेत. इंग्रजी म्हण अंगच्या रंगरूपाविषयी बोलते. इटालियन म्हण आणि आपली पहिली म्हण सवयीविषयी, खोडीविषयी बोलतात. येथेही मराठी इटालियनच्या शेजारी उभी आहे.

ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे तो माणूस अचानक दारात उभा राहिला, तर इटालियन भाषक ‘लूपुस इन फाबुला’ हे लॅटिन शब्द आजही उच्चारतो. म्हणजे ‘गोष्टीतला लांडगा’. इंग्रजीत त्याच प्रसंगी सैतानाचे नाव निघते. मराठीत मात्र आपण ‘शंभर वर्षे आयुष्य आहे तुला!’ असे म्हणतो. प्रसंग एकच, पण एकीकडे भीतीचा विनोद आणि दुसरीकडे आशीर्वाद. भाषांतरकाराने कोणता सूर ठेवायचा, हे त्या दोन पात्रांच्या नात्यावरून ठरवावे.

काही प्रतिमा आश्चर्यकारक रीतीने जुळतात. ‘आ कावाल दोनातो नोन सी ग्वार्दा इन बोक्का’ म्हणजे दान मिळालेल्या घोड्याच्या तोंडात पाहू नये. घोड्याचे वय दातांवरून कळते, म्हणून विकत घेणारा आधी तोंड उघडून पाहतो. फुकट मिळालेल्याची अशी तपासणी शोभत नाही. इंग्रजीतही हीच म्हण आहे आणि तिचे लॅटिन रूप संत जेरोम यांच्या लेखनात आढळते. मराठीत ‘धर्माच्या गाई आणि दात का गं नाही’ अशी म्हण आहे. शेतकरी जनावराचे वय दातांवरूनच सांगतो. बैल ‘दोनदाती’, ‘चारदाती’ असतो. घोड्याच्या जागी गाय आली, कारण आपल्याकडे दानाचे जनावर गाय. पण दात तेच राहिले. येथे उसनवारी मानण्याची गरज नाही. समान व्यवहारातून समान प्रतिमा जन्मू शकते.

याउलट काही साम्ये फसवी असतात. ‘आक्क्वा इन बोक्का!’ याचा शब्दशः अर्थ ‘तोंडात पाणी!’ असा होतो. मराठी वाचकाला लगेच ‘तोंडाला पाणी सुटणे’ आठवेल. पण इटालियनमध्ये या उक्तीचा अर्थ ‘कोणाला सांगू नकोस’ असा आहे. तोंडात पाणी धरलेला माणूस बोलू शकत नाही. आपल्याकडे ‘मिठाची गुळणी धरणे’ या वाक्प्रचारात नेमकी हीच कल्पना आहे. पदार्थ पाहून तोंडाला पाणी सुटते, तेव्हा इटालियन भाषक ‘आक्क्वा’ या शब्दाचे लघुत्वदर्शक रूप वापरतो : ‘आक्क्वोलीना इन बोक्का’. एका प्रत्ययाने गुपित आणि भूक यांत अंतर पाडले आहे.

एका दाण्यात दोन कबुतरे पकडण्याच्या वाक्प्रचाराकडे पुन्हा वळू. इंग्रजीत दोन पक्षी एका दगडाने मारले जातात. मराठीतील ‘एका दगडात दोन पक्षी मारणे’ हा वाक्प्रचार इंग्रजीशी शब्दशः जुळतो. इटालियन वाक्प्रचारात मारणे नाही. आमिष दाखवून पकडणे आहे. मूळ संहितेत पात्राच्या धूर्तपणावर भर असेल, तर ‘दगड’ हा पर्याय त्याला विनाकारण हिंसक करील.

४.२.५ नाद आणि बांधणी

‘की वा प्यानो, वा सानो ए वा लोन्तानो’ – जो सावकाश जातो, तो सुखरूप जातो आणि दूर जातो. इंग्रजी पर्याय ‘स्लो अँड स्टेडी विन्स द रेस’ हा आहे. इंग्रजीत शर्यत आली, म्हणजे प्रतिस्पर्धी आला आणि जिंकणे आले. इटालियन म्हणीतील प्रवासी कोणाशीही स्पर्धा करीत नाही. त्याला केवळ दूरवर सुखरूप पोहोचायचे आहे. शिवाय प्यानो-सानो-लोन्तानो हे यमक ही म्हणीची स्मरणसुलभता आहे. मराठीतील ‘अति घाई, संकटात नेई’ ही उक्ती आशयाने व नादाने जवळ येते. मात्र ती धोक्याची सूचना देते, तर इटालियन म्हण आश्वासन देते.

रचनेचा आणखी एक मुद्दा लक्षात घ्यावा. ‘की’ या एका इटालियन शब्दात मराठीतील ‘जो... तो’ ही जोडी सामावलेली आहे. मराठीत ‘ज्याचे जळते त्याला कळते’ यांसारख्या संबंधी रचना आजही स्वाभाविक आहेत. आधुनिक इंग्रजीत अशी रचना जुनाट वाटते, म्हणून इंग्रजी पर्यायांत ती टाळली जाते. मराठी भाषांतरकाराने ती टाळण्याचे कारण नाही. ‘जो झोपला, त्याला मासा नाही गावला’ अशी ओळ कोकणातील वाचकाला परकी वाटणार नाही.

नाद हाच अर्थ असेल, तर मात्र भाषांतर अडते. ‘त्रादुत्तोरे, त्रादितोरे’ म्हणजे ‘भाषांतरकार, विश्वासघातकी’. रोमन याकबसन यांनी १९५९ मधील आपल्या भाषांतरविषयक निबंधाच्या अखेरीस हेच उदाहरण घेतले आहे. इंग्रजीत विधान उतरते, पण दोन शब्दांच्या ध्वनिसाम्यातून निघणारा टोमणा उतरत नाही, असा त्यांचा मुद्दा आहे. मराठीतही हीच अडचण येते.

४.२.६ रोजच्या उक्ती

म्हणींपेक्षा रोजच्या लहान उक्ती भाषांतराला अवघड असतात, कारण त्यांचा अर्थ प्रसंगात आणि स्वरात असतो. काही उदाहरणे पाहू.

• ‘ब्वोन आप्पेतीतो’ : शब्दशः ‘चांगली भूक’. जेवणाच्या प्रारंभी म्हणतात. इंग्रजीत यासाठी रुळलेली स्वतःची उक्ती नसल्याने फ्रेंच उक्ती उसनी घेतली जाते. मराठीत ‘सावकाश होऊ द्या’ आहे. फरक एवढाच की मराठीत ही उक्ती मुख्यतः यजमान पंगतीला उद्देशून उच्चारतो. इटालियनमध्ये सोबत जेवणारेही एकमेकांना म्हणतात.
• ‘नोन वेदो लोरा’ : शब्दशः ‘मला ती वेळ दिसत नाही’. अर्थ निराशेचा नाही, उत्कंठेचा आहे. मराठीत ‘कधी एकदा भेटतो असे झाले आहे’.
• ‘मागारी’ : इंग्रजी अर्थ ‘मेबी’ किंवा ‘इफ ओन्ली’. स्वरानुसार ‘कदाचित’ किंवा ‘कुठले एवढे नशीब!’ असे दोन दूरचे अर्थ संभवतात.
• ‘बो’ : एकाक्षरी उद्गार. ‘कोण जाणे’, ‘कुणास ठाऊक’.
• ‘प्रेगो’ : आभारांना उत्तर देताना ‘असू द्या’, दार उघडून धरताना ‘या ना’, दुकानदाराच्या तोंडी ‘बोला, काय हवे?’

संभाषणोक्तीला पुष्कळदा ठरलेले उत्तरही असते. ‘इन बोक्का आल लूपो’ ऐकणाऱ्याने ‘क्रेपी!’ म्हणजे ‘मरो (तो लांडगा)!’ असे म्हणायचे असते. अनेकांच्या मते नुसते आभार मानणे अशुभ. अलीकडे काही जण त्याऐवजी ‘वीवा इल लूपो’ म्हणजे ‘लांडगा जगो’ असेही म्हणतात. लांडग्याची मादी पिल्लांना तोंडात धरून सुरक्षित नेते, असा नवा अर्थ त्यामागे सांगितला जातो. इटलीत लांडग्याच्या शिकारीवर १९७१ मध्ये बंदी आली. प्राण्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली की उक्तीचे उत्तरही पालटू लागते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
१. ‘आक्क्वा इन बोक्का’ या उक्तीला जवळचा मराठी वाक्प्रचार कोणता?
२. ‘की वा प्यानो...’ या म्हणीच्या इंग्रजी पर्यायात कोणती कल्पना नव्याने शिरते?

४.२.७ भाषांतरकाराने विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनावरून पुढील चार प्रश्नांचा क्रम सुचवता येतो.

१. मूळात शब्दशः काय म्हटले आहे? इंग्रजी स्तंभ शब्दशः नसेल, तर कोशाच्या साहाय्याने मूळातील नामे व क्रियापदे तरी तपासावीत.
२. ती उक्ती काय करते – टोकते, धीर देते, सूचना देते, की केवळ शिष्टाचार पाळते?
३. कोण कोणाला उद्देशून बोलत आहे? पाद्रोन न्तोनीसारखा वडीलधारा म्हण उच्चारतो तेव्हा तिच्यामागे पिढ्यांचा अधिकार असतो. मराठी घरातही म्हण सुनावण्याचा मान बहुधा थोरांचा. अशा ठिकाणी म्हणीऐवजी स्पष्टीकरण दिले, तर तो अधिकार लोपतो.
४. मराठी म्हण घातल्याने पात्राचा भोवताल बदलतो का? सिसिलीच्या मासेमाराच्या तोंडी ‘देश तसा वेश’ खपेल, कारण तिच्यात स्थानिक खूण नाही. ‘धर्माच्या गाई’ मात्र त्याला सिसिलीतून उचलून आपल्या गावात आणून बसवील. तेथे घोडाच ठेवणे योग्य.

या क्रमात इंग्रजी अर्थाला स्थान आहे, पण ते साक्षीदाराचे आहे. निकाल देण्याचा अधिकार त्याला नाही.

४.३ सारांश

म्हणीत प्रतिमा, प्रयोजन, नाद आणि प्रसंग हे चार घटक एकत्र नांदतात. इंग्रजी अर्थ त्यांपैकी एखाददुसराच घटक पोहोचवतो आणि पुष्कळदा स्वतःची प्रतिमा मध्ये घालतो. इटालियन व मराठी यांच्यात रचना, शिष्टाचार आणि कृषिजीवन यांमुळे थेट साम्ये आढळतात. इंग्रजीवर पूर्णतः विसंबल्यास ती झाकली जातात. आपल्या भाषेत आधीच असलेला शब्द दुसऱ्या भाषेच्या आडोशामुळे न दिसणे, हे मध्यस्थ भाषेतून होणाऱ्या भाषांतराचे मोठे नुकसान आहे.

४.४ पारिभाषिक संज्ञा

मध्यस्थ भाषा : मूळ व लक्ष्य भाषा यांच्यामध्ये दुवा म्हणून वापरली जाणारी तिसरी भाषा.
संभाषणोक्ती : विशिष्ट सामाजिक प्रसंगी उच्चारली जाणारी ठरावीक उक्ती.
सममूल्यता : मूळ व भाषांतरित संहितांतील मूल्याची बरोबरी.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : १. दोन्हींत समतोल द्विखंडी रचना आहे आणि कोणत्याही विशिष्ट स्थळाचे नाव नाही. २. प्रतिमा.
प्रश्न २ : १. मिठाची गुळणी धरणे. २. शर्यतीची, म्हणजेच स्पर्धेची कल्पना.

४.६ स्वाध्याय

१. ‘इंग्रजी अर्था’चे तीन प्रकार सांगून प्रत्येकाचे बलस्थान व मर्यादा सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘लाबितो नोन फा इल मोनाको’ (झग्याने कोणी संन्यासी होत नाही) या म्हणीला ‘दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं’ हा पर्याय कितपत योग्य ठरेल? प्रतिमा, प्रयोजन व नाद या तिन्ही दृष्टींनी चर्चा करा.
३. उपक्रम : रे. ए. मॅनवारिंग यांनी १८९९ मध्ये मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला. आपल्या घरात बोलल्या जाणाऱ्या दहा म्हणी घरातील वडीलधाऱ्यांकडून मिळवा. त्यांचे इंग्रजी अर्थ स्वतः लिहा आणि ते वरील तीन प्रकारांपैकी कोणत्या प्रकारात बसतात, हे नोंदवा. प्रत्येक म्हण कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी उच्चारली, हेही सोबत लिहा.